पट्टी बांधली म्हणजे पार्किंग बंद झाले?

संध्याकाळी पणजीतल्या सांतिनेजच्या एखाद्या गल्लीत कडेला नीट लावलेली गाडी सकाळी चराच्या काठावर सापडते. पुढे लाल-पांढरी पट्टी, मागे मातीचा ढीग, बाजूला धडधडणारा जेसीबी, आणि त्याचा चालक येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतोय, "ही गाडी कोणाची?" बोर्ड नाही, तारीख नाही, फोन नंबर नाही. रात्री कधीतरी कोणी दोन विजेचे खांब आणि एका झाडाला पट्टी गुंडाळून गेला, तीच काय ती सूचना.

स्मार्ट सिटी मोहिमेसाठी पणजीची निवड २०१६ मध्ये झाली आणि मोहीम ३१ मार्च २०२५ रोजी संपली. मधल्या काळात, विशेषतः २०२२ नंतर, शहराने मलवाहिन्या, पावसाळी गटारे, भूमिगत केबल, काँक्रीटचे रस्ते असे सगळे एकदम अंगावर घेतले. धुळीचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२४ च्या एप्रिलमध्ये गोवा खंडपीठाच्या न्यायमूर्तींनी स्वतः कामांच्या जागी फिरून पाहणी केली. धूळ दिसते, खोकला येतो, म्हणून तिची दाद लागली. गाडी लावायच्या जागेचे तसे होत नाही. ती गेली की माणूस चरफडतो, तीन फेऱ्या मारतो, कुठल्या तरी फाटकासमोर गाडी कोंबतो आणि कामाला लागतो. किती जागा गेल्या, किती दिवस गेल्या, हे कोणत्याच वहीत चढत नाही. मोहीम संपली तरी खणणे संपलेले नाही. पर्वरीत महामार्गावर उन्नत मार्गाचे काम निघाले, आणि मडगाव-म्हापशात दर वर्षी कोणती ना कोणती वाहिनी टाकायची असतेच.

खणायला विरोध करण्यात अर्थ नाही. मलवाहिनी जमिनीखालूनच जाणार. प्रश्न एवढाच आहे की रस्ता खणताना पार्किंगची जी जागा जाते, ती कामाचा भाग धरायची की कामाची किरकोळ अडचण. आज ती अडचण धरली जाते. आमचे म्हणणे असे की पाइप किती मीटर, चेंबर किती आणि डांबर किती हे जसे खणण्याआधी मोजतात, तशीच जाणारी जागा मोजावी, तिच्या बदल्यात काय देणार ते परवान्यात लिहावे, आणि ती परत देण्याची तारीख ठेकेदाराच्या बिलाला बांधावी.

मोजणे अवघड नाही. कडेला समांतर लावलेल्या चारचाकीला पुढेमागे घ्यायची जागा धरून सुमारे ६ मीटर लांबी लागते. १०० मीटरच्या कडेला कागदावर १६ गाड्या बसतात. फाटके, कोपरे, ट्रान्सफॉर्मर, झाडे वजा केली की प्रत्यक्षात ११ किंवा १२ उरतात, म्हणजे दोन्ही कडा मिळून बावीस-चोवीस. स्कूटर आडव्या लावल्या तर एकीला साधारण एक मीटर पुरते.

आता ९ मीटर रुंदीच्या गल्लीत मलवाहिनीचा चर घ्या. चर सव्वा मीटर रुंद, अडीच मीटर खोल. खणलेली माती चराच्या काठापासून किमान दीड मीटर, किंवा चराच्या खोलीच्या निम्मे, यांपैकी जे अंतर जास्त तेवढी दूर टाकायची, हा बांधकामातला जुना नियम आहे. काठावर भार आला की बाजू ढासळते आणि खाली माणसे उतरलेली असतात. चर, ही मोकळी पट्टी आणि मातीचा ढीग मिळून साडेचार ते पाच मीटर गेले. उरले चार. अग्निशमनाचा बंब अडीच मीटर रुंद असतो आणि त्याला सरळ जायलाही साडेतीन मीटर हवेत. म्हणजे दोन्ही कडांचे पार्किंग संपले. यात कोणाचा दुष्टपणा नाही, नुसती वजाबाकी आहे. शिवाय या गल्लीतली रहदारी शेजारच्या गल्लीत वळवली की तिथे दोन्ही दिशांच्या गाड्या धावायला लागतात आणि तिथलीही एक कडा रिकामी करावी लागते. काम एका गल्लीत निघते, जागा दोन गल्ल्यांतल्या जातात. ही वजाबाकी कामाच्या तीन महिने आधी नकाशावर करता येते. मग एवढ्या गाड्या आणि स्कूटर कुठे जाणार, हा प्रश्न सकाळी सहा वाजता जेसीबीच्या चालकाने का सोडवायचा?

यावर ठरलेले उत्तर येते: रस्ता हा वाहनतळ नव्हे, फुकट जागा वापरत होतात, गेली तर तक्रार कसली? या म्हणण्यात तथ्य आहे. सार्वजनिक रस्त्यावर गाडी ठेवण्याचा हक्क कोणाला जन्मतः मिळत नाही. पणजीत कित्येक इमारतींच्या तळमजल्यावरचे स्टिल्ट पार्किंग, म्हणजे खांबांमधली गाड्यांची मोकळी जागा, दुकाने आणि गोदामे गिळून बसली आहेत, आणि त्या इमारतींच्या गाड्या रस्त्यावर आल्या आहेत, हे उघड गुपित आहे. पण फोंतेन्हास या वारसा वस्तीतल्या जुन्या घरांचे काय? त्यांचे दार थेट रस्त्यावर उघडते. ती घरे बांधली तेव्हा मोटारच नव्हती, आणि आज वारसा म्हणून त्यांची भिंत फोडून गॅरेज करता येत नाही. दुसरे असे की या जागा लोकांनी बळकावलेल्या नाहीत. मोटार वाहन कायद्याचे कलम ११७ सांगते की वाहने कुठे आणि किती वेळ उभी करता येतील हे स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून शासनाने किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याने ठरवायचे. त्याप्रमाणे पट्टे आखले, फलक लावले, काही रस्त्यांवर पे पार्किंगच्या पावत्या फाडल्या. जी जागा सरकारने ठरवून दिली, ती काढून घेतानाही सरकारने ठरवूनच काढून घ्यायला हवी. मुकादमाच्या खिशातल्या पट्टीला तो अधिकार नाही.

कायदा याबाबत बराच व्यवहारी आहे, आणि तो कामाच्या आड येत नाही. रस्त्यावर वाहने चालवण्यास बंदी किंवा निर्बंध घालायचा तर याच कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे राजपत्रात अधिसूचना लागते आणि योग्य ठिकाणी चिन्हे लावावी लागतात. निर्बंध एका महिन्याहून जास्त नसेल तर राजपत्राची गरज नाही, पण परिस्थितीनुसार शक्य तेवढी स्थानिक प्रसिद्धी द्यावीच लागते. स्थानिक प्रसिद्धी म्हणजे काय, हे कायद्याने उलगडून सांगितलेले नाही आणि सगळी पळवाट तिथेच आहे. एखाद्या संकेतस्थळावर इंग्रजीतली पीडीएफ टाकली की प्रसिद्धी झाली, असे मानले जाते. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि मराठीलाही शासकीय वापराची मुभा ठेवली. पण रस्ता बंद असल्याची सूचना मात्र दोन्ही भाषांत क्वचितच दिसते. ज्या आजोबांनी गल्लीत कार लावली आहे ते पीडीएफ बघत नाहीत. ते खांबावरचा बोर्ड बघतात.

गाडी उचलण्याबाबत कलम १२७ आहे, आणि ते दोन्ही बाजूंनी कापते. सार्वजनिक जागी १० तास किंवा त्याहून जास्त वेळ सोडून दिलेली किंवा पार्किंगला कायद्याने मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी टो करण्याची किंवा तिच्या चाकाला कुलूप घालण्याची परवानगी गणवेशातला पोलीस अधिकारी देऊ शकतो. परवानगी पोलिसाची, ठेकेदाराची नव्हे. त्यामुळे मुकादमाने चार मजूर लावून गाडी ढकलली किंवा जेसीबीच्या पट्ट्याने ओढली तर ते बेकायदा आहे, गाडीला ओरखडा येवो न येवो. पण रात्रभर लावलेली कोणतीही गाडी दहा तासांच्या वाक्यात सहज बसते, हेही गाडीवाल्यांनी विसरू नये. भांडायला कायदा उघडलात तर तो आपल्याही अंगावर येतो. म्हणूनच या बाबतीत कोर्टकचेरीपेक्षा परवान्याच्या अटी जास्त उपयोगी पडतील.

पहिली अट सूचनेची. किमान तीन पूर्ण दिवस, म्हणजे ७२ तास आधी बोर्ड लागला पाहिजे, आणि त्या तीन दिवसांत एक कामाचा दिवस आलाच पाहिजे. शुक्रवारी संध्याकाळी गाडी लावून कोकण रेल्वेने मुंबईला गेलेला माणूस सोमवारी परततो. शनिवारी लागलेला बोर्ड त्याच्यासाठी नसतोच. बोर्ड दर २० मीटरवर एक, गाडीच्या बॉनेटपेक्षा उंच, आणि त्यावर "काम चालू आहे, सहकार्य करा" एवढेच नको. काम कुठून कुठपर्यंत, तेही चेनेजच्या (रस्त्याच्या आरंभापासून मोजलेल्या अंतराच्या) आकड्यांत नव्हे तर अमुक फार्मसीपासून तमुक इमारतीच्या फाटकापर्यंत अशा खुणांनी. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. गाडी त्याऐवजी कुठे लावायची आणि ती जागा किती मीटरवर आहे. उचललेली गाडी कुठे मिळेल. कामावरच्या अभियंत्याचा फोन. तारीख पुढे गेली तर जुन्या तारखेवर नवी चिकटवू नये. जुनी खोडून बाजूला नवी लिहावी, म्हणजे काम किती वेळा लांबले हे लोकांनाही दिसेल. आणि बोर्ड लावताच दोन्ही कडांचे तारखेसह फोटो काढून ठेवावेत. पुढे वाद झालाच तर बोर्ड आधी लागला की गाडी आधी लागली, हे त्या फोटोंवरून ठरते.

ठेकेदार म्हणतात, एवढी सूचना द्यायची तर काम रेंगाळेल. होते उलटेच. कडेला एक गाडी अडकली की तासाच्या भाड्यावर आणलेले यंत्र, दोन डंपर आणि आठ-दहा मजूर खोळंबतात. मालकाचा शोध लागेपर्यंत अर्धा दिवस जातो. मग गाडीला वळसा घालून खणतात, तेवढा तुकडा राहतो, आणि तो पूर्ण करायला चार दिवसांनी सगळा ताफा पुन्हा येतो. गल्लीतले लोक म्हणतात, एवढ्याशा कामाला परत रस्ता कशाला अडवला? त्याचे कारण तीच एक गाडी असते.

गाडी हलवावी लागलीच तर ती कशी हलवायची, यातही मेख आहे. जिचे इंजिन पुढची चाके ओढते अशी ऑटोमॅटिक गाडी पुढून उचलली पाहिजे. ती भिंतीकडे तोंड करून उभी असेल आणि मागून उचलून ओढली तर पुढची चाके लॉक राहून घासतात किंवा गिअरबॉक्सला इजा होते. चारही चाके ओढणारी गाडी आणि विजेवरची गाडी यांना सपाट पाट्याचा ट्रक हवा, नाहीतर जमिनीवरच्या चाकांखाली छोट्या ट्रॉल्या सरकवाव्या लागतात. हँडल लॉक केलेली स्कूटर दोघांनी आरशाला धरून टेंपोत टाकली की आरसा तुटतो, फूटरेस्ट वाकतो, आणि एकीवर एक रचल्या की खालच्या टाकीला पोचा पडतो. स्कूटर मागच्या ग्रॅब रेलला आणि पुढच्या चाकाला धरूनच उचलायची. उचलण्याआधी चारही बाजूंचे फोटो, आणि गाडी लांबच्या यार्डात न नेता जवळच्या रिकाम्या कडेला ठेवून तिचा नंबर मूळ जागेच्या बोर्डावर लिहायचा. वेळेवर सूचना न देता उचलली असेल तर दंडही नको आणि उचलण्याचा खर्चही नको. कलम १२७ टोईंगचा खर्च मालकावर टाकते, पण तो सोडून देण्याची अट करारात घालायला आडकाठी नसावी. चूक ज्याची, खर्च त्याचा.

खरे दुखणे गाडी उचलण्यात नाही. रस्ता खणल्यावर तो महिनोन्‌महिने परत मिळत नाही, हे दुखणे आहे, आणि याचे मूळ बिलात आहे. अनेक निविदांत ठेकेदाराला पैसे बाबीवार मिळतात: खोदकाम इतके घनमीटर, पाइप इतके मीटर, चेंबर इतके. खोदकाम आणि पाइप लवकर मोजता येतात, त्यांचे रनिंग बिल, म्हणजे काम चालू असतानाचे बिल, लवकर निघते. रस्ता पूर्ववत करणे शेवटी येते, त्यात कटकट जास्त आणि पैसा कमी. फलक, कोन, वाहतूक वळवणे यांना तर बहुतेक वेळा वेगळी बाबच नसते. "दरात समाविष्ट" एवढे लिहून ते संपवतात. मग खणणारी तुकडी पुढे पळते आणि बुजवणारी मागे लंगडत येते. एकाच वेळी तीनशे मीटर रस्ता उघडा पडतो, काम मात्र वीस मीटरवर चाललेले असते. उरलेल्या दोनशे ऐंशी मीटरच्या कडांना पाइप, पेव्हर ब्लॉक आणि सिमेंटच्या गोण्या ठाण मांडून बसतात. इंडियन रोड्स काँग्रेसची कामाच्या जागच्या वाहतुकीविषयीची सूचनावली, आयआरसी एसपी ५५, २००१ पासून आहे आणि २०१४ मध्ये ती सुधारली गेली. आधी इशारा, मग वळण, मग काम, मग शेवट असे टप्पे तिच्यात आखून दिले आहेत. पण ज्याचे पैसे मिळत नाहीत ते काम ठेकेदार का करील? फलक आणि पर्यायी पार्किंग यांना निविदेत स्वतःची ओळ द्या, दिवसाचा दर लावा आणि ज्या दिवशी ते जागेवर नसेल त्या दिवसाचे पैसे कापा. एवढ्या एका दुरुस्तीने जितका फरक पडेल तितका शंभर सूचनापत्रांनी पडणार नाही.

उघड्या चराची लांबीही बांधून टाकावी. लहान व्यासाच्या मलवाहिनीवर चेंबर साधारण ३० मीटरवर एक येतात. दोन टप्पे म्हणजे ६० मीटर. एवढाच तुकडा एका वेळी उघडायचा. त्यात पाइप, चाचणी, घरांच्या जोडण्या, बुजवणे आणि वरचा थर पूर्ण झाल्याशिवाय पुढचा उघडायचा नाही. यात घरांच्या जोडण्या महत्त्वाच्या. मुख्य वाहिनी टाकून रस्ता गुळगुळीत करतात आणि सहा महिन्यांनी इमारतींचे चेंबर जोडायला तोच रस्ता ब्रेकरने फोडतात, कारण जोडण्यांची निविदा वेगळी असते किंवा सोसायटीची संमती आलेली नसते. गल्लीतल्या लोकांची पार्किंगची जागा मग दुसऱ्यांदा जाते. हीच गत वीज, पाणी, गॅस आणि दूरसंचार यांची. सर्वांत खोल वाहिनी आधी आणि वरची नंतर, हा क्रम सर्वांना तोंडपाठ आहे. पण सार्वजनिक बांधकाम खाते, वीज खाते, महापालिका आणि खासगी कंपन्या यांचे वेळापत्रक एका कागदावर येत नाही.

पणजीत तर जमीनही साथ देत नाही. मांडवीकाठचा बराच सखल भाग भराव घालून उठवलेला आहे. थोडे खणले की पाणी लागते आणि भरतीला ते वाढते. पंप चालू ठेवावे लागतात, बाजूंना आधाराच्या प्लेटा लावाव्या लागतात. जुन्या पाइपांचे नकाशे जागेशी जुळत नाहीत. खणण्याआधी हाताने आडवे चाचणी-खड्डे घेतले नाहीत तर जेसीबीच्या दाताला पाण्याची वाहिनी लागते. मग गल्लीला टँकर येतो, आणि टँकर उभा करायलाही जागा लागते.

बुजवण्याचा प्रकार पार्किंगच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचा. चर २० सेंटीमीटरच्या थरांनी भरायचा आणि प्रत्येक थर ठोकायचा. अडीच मीटर खोलीला हे बारा-तेरा थर झाले. निघालेला चिखल ठोकून बसत नाही, त्यामुळे तो फेकून मुरूम किंवा रेती-खडी भरावी लागते. तेवढ्या डंपरच्या फेऱ्या आल्या, तेवढा पैसा आला. म्हणून तोच ओला चिखल परत ढकलून, वर बकेटने दोन थापट्या मारून डांबराचा पातळ थर देतात. २०२३ च्या सुरुवातीला पणजीत अशा नव्याने बुजवलेल्या चरांत मालवाहू ट्रक रुतण्याचे प्रकार एकामागून एक घडले, तेव्हा लोक हसले. कडेला लावलेल्या कारचे चाक खचते तेव्हा बातमी होत नाही. स्कूटरचा साइड स्टँड पावसात अशा भरावात हळूहळू रुततो आणि एक पडली की रांगेतल्या पाच-सहा आडव्या होतात. नव्या चरावर दुचाकी लावायचीच तर मेन स्टँडवर लावावी, नाहीतर स्टँडखाली एखादी फरशी द्यावी. चर उघडा असताना त्याच्या काठाला गाडी लावू नये, पट्टी असो वा नसो. दीड टनाचा भार काठावर आणला की आधार नसलेली बाजू बसते. निदान चराच्या खोलीइतके अंतर सोडावे.

काँक्रीटच्या रस्त्याबद्दल मात्र लोकांचा राग अनेकदा चुकीच्या जागी असतो. रस्ता तयार दिसतो, वर कोणी काम करत नाही, तरी आडकाठी का? कारण साध्या काँक्रीटला पुरती ताकद यायला २८ दिवस धरतात आणि त्यातले पहिले दिवस ते ओले ठेवावे लागते. "काँक्रीट मुरत आहे, अमुक तारखेला खुले" एवढी ओळ बोर्डावर लिहिली तर निम्मी भांडणे वाचतील. ती लिहीत नाहीत, म्हणून रात्री कोणीतरी कठडा सरकवतो, गाडी घालतो आणि ओल्या काँक्रीटवर टायरचे ठसे कायमचे उमटतात.

आता उरलेल्या जागेचे काय करायचे? इथे व्यापारी आणि नोकरदार वाचकांना वाईट वाटेल, पण सांगायला हवे. १८ जून मार्गासारख्या बाजाराच्या रस्त्यावर सकाळी नऊ ते रात्री आठ जागा अडवणारी गाडी बहुतेकदा दुकानदाराची स्वतःची किंवा शेजारच्या कार्यालयातल्या नोकरदाराची असते. गिऱ्हाईक नाही म्हणून ओरडायचे आणि दारातली जागा स्वतःच्या गाडीला ठेवायची, हे जुळत नाही. एका जागेवर ४५ मिनिटांची मर्यादा घातली तर दिवसात दहा-बारा गिऱ्हाइके येऊन जातात. काम चालू असेपर्यंत त्या भागातल्या उरलेल्या जागांवर अशी मर्यादा घालावी आणि कारच्या जागा दुचाकींना द्याव्यात. ६ मीटरमध्ये सहा स्कूटर सहज बसतात. सकाळी सहा ते आठ माल उतरवायला तुकड्याच्या दोन्ही टोकांना १२-१२ मीटर मोकळे हवेत, नाहीतर गॅस सिलिंडरचा टेंपो आणि मासळीची गाडी रस्त्याच्या मधोमध थांबतात. अपंगांसाठी राखलेली जागा रद्द न करता जवळात जवळ हलवावी. ती कामाच्या यादीत सर्वांत आधी गळते.

पे पार्किंगचा हिशेबही चोख हवा. ज्या जागा खणण्यात गेल्या त्यांचे दिवस पार्किंगच्या ठेकेदाराच्या भाड्यातून वजा करा, आणि अर्ध्या खणलेल्या रस्त्यावर पावती फाडणे बंद करा. ठेकेदाराला भाडे पूर्ण भरावे लागले तर तो उरलेल्या जागांतून वसूल करणारच.

पर्यायी जागा पणजीत आहेत, पण त्या दिवसा भरतात आणि रात्री ओस पडतात, आणि याचाच उपयोग करून घ्यायला हवा. पाटोला बहुमजली वाहनतळ आहे. पाटो प्लाझातल्या कार्यालयांची आवारे संध्याकाळी सातनंतर रिकामी होतात, आणि मळा व फोंतेन्हास तिथून चालण्याच्या अंतरावर आहेत. सरकारी कार्यालये आणि शाळा यांची आवारे संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत त्या गल्लीतल्या रहिवाशांना पास देऊन खुली करता येतात. पासवर गाडीचा नंबर आणि कामाच्या समाप्तीची तारीख लिहायची. तारीख संपली की पास संपला. दिवसा बाहेरून येणाऱ्यांसाठी कदंब या सरकारी परिवहन महामंडळाच्या विजेवरच्या बसेस आहेत. पण तुमचे काम एका गल्लीत आणि गाडी मिरामारला, असे सांगून लोक ऐकत नाहीत. मे महिन्याच्या उन्हात तीन-चारशे मीटरपुढे माणूस चालत नाही, हे धरूनच आखणी करावी.

मोजणी करताना एक चूक हमखास होते. अभियंता सकाळी अकराला येऊन गाड्या मोजतो. पण मांडवीतल्या कॅसिनो जहाजांकडे जाणाऱ्यांच्या गाड्या रात्री बांदोडकर मार्गालगतच्या गल्ल्यांत शिरतात, आणि रहिवाशांची खरी संख्या कळते रात्री दोन वाजता. सकाळी अकरा, संध्याकाळी सात आणि रात्री दोन, अशी तीनदा मोजणी हवी. एक दिवस आठवड्याच्या मधला आणि एक शनिवार. २०११ च्या जनगणनेत पणजी महापालिकेची लोकसंख्या चाळीस हजारांच्या आसपास होती आणि गोव्यात नोंदलेली वाहने पंधरा लाखांवर गेली आहेत. गल्लीत उभ्या गाड्या नुसत्या त्या गल्लीच्या नसतात. बार्देश आणि फोंड्याहून रोज येणाऱ्यांच्याही असतात.

राहिले वेळापत्रक. पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो आणि ऑक्टोबरपर्यंत खणता येत नाही. उरलेल्या साडेसात महिन्यांतही २० नोव्हेंबरपासून इफ्फी हा चित्रपट महोत्सव, ८ डिसेंबरचे पणजीच्या चर्चचे फेस्त (वार्षिक उत्सव), नाताळची गर्दी, कार्निव्हल आणि शिगमो. प्रत्येक वेळी मिरवणुकीसाठी चर घाईने बुजवतात आणि नंतर परत उकरतात. ज्या रस्त्यावरून मिरवणूक जाते तो त्या काळात उघडायचाच नाही, आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यानंतर नवा तुकडा कुठेच उघडायचा नाही. पंधरा मेला उघडलेला चर आठवडाभरात संपेल असे जे सांगतात, ते पहिल्या पावसात त्याच चरातून पाणी उपसताना दिसतात.

यंदाच्या पावसाळ्यानंतर खणण्याच्या परवान्यांचे अर्ज येतील. त्या अर्जावर चार रकाने वाढवायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही: या तुकड्यात रात्री दोन वाजता किती चारचाकी आणि किती दुचाकी उभ्या असतात, त्या कुठे जाणार, बोर्ड कोणत्या तारखेला लागणार, आणि कडा लोकांना कोणत्या तारखेला परत मिळणार, ज्यानंतर दिवसाला किती रुपये बिलातून कापले जातील. रकाने रिकामे असतील तर अर्ज खिडकीवरूनच परत करावा, आणि भरून आला तर त्याची प्रत त्या गल्लीच्या तोंडाशी खांबावर लावावी, कोकणीत आणि मराठीत.